जोंधळा, दंड आणि निवाडा: एका घराच्या प्रदर्शनाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

वाचनालयाच्या वरच्या हॉलची चावी मिळाली. बैठकीत ठरलं ते असं: आठ फलक, वस्तू मांडायला एक लांब टेबल, उद्घाटन एप्रिलच्या मध्यात. विषय प्रतिसरकार, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात भूमिगतांनी चालवलेलं समांतर सरकार. इथवर एकमत. पुढं मात्र चहा गार होईपर्यंत वाद.

मंडळाला हवंय ते नेहमीचं. प्रतिसरकारचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटलांचा मोठा फोटो, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वे, १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ लुटलेला धुळ्याचा खजिना, प्रतिसरकारच्या तुफान सेना या दलाचं संचलन. माझं म्हणणं, वाळवा तालुक्यात हे कुठल्या पोराला माहीत नाही? गावोगावच्या स्मारकांवर ठसठशीत अक्षरात लिहिलंय. आपण एकच घर घेऊ. भूमिगत ज्यांच्या दारात रात्री उभे राहिले त्यातलं एक. दार वाजल्यावर कोण उठायचं, काय शिजायचं, धान्य कुठून यायचं, आणि त्या सगळ्याचं पुढं काय झालं.

घर आमचंच घ्यायचं ठरलं, कारण नव्वदी ओलांडलेली आत्या अजून खणखणीत आहे. आमच्या घरात हुतात्मा नाही, पुढारी नाही. एक धाकटे आजोबा तेवढे तुफान सेनेत निरोप पोचवायचं काम करायचे. "मग बघायला कोण येणार?" हा प्रश्न आला. रास्त आहे. तडजोड अशी निघाली की पहिला फलक मंडळाच्या मनासारखा, उरलेले सात माझ्या.

१८ जानेवारी

नकाशाला हात घातला. त्याच्याशिवाय बाहेरच्या माणसाला काहीच कळणार नाही.

आज सांगली म्हणतो तो जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा सगळं सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा वेगळा निघाला १९४९ ला, सांगली हे नाव १९६० चं. आणि त्या जुन्या साताऱ्याच्या अंगावर संस्थानांची ठिगळं लावलेली: औंध, सांगली, मिरज, जत, फलटण, वारणेपल्याड कोल्हापूर. कुंडल ब्रिटिश मुलखात नव्हतंच, ते औंधचं. किर्लोस्करवाडीही औंधची. इस्लामपूरचा फौजदार मागावर निघाला की माणूस दोन ओढे ओलांडून दुसऱ्या राजाच्या हद्दीत. तिथं शिरायचं तर ब्रिटिश पोलिसाला त्या दरबाराची मर्जी बघावी लागायची, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी तर १९३९ ला कारभार लोकांच्या हाती देणारी घटनाच मंजूर केलेली. चळवळीचा एवढा मोठा गट कुंडलात का रुजला याचं निम्मं उत्तर नकाशात आहे.

दुसरं निम्मं उसात आणि नदीकाठच्या मळ्यात. ते नकाशावर कसं दाखवायचं? हिरव्या रंगाच्या दोन छटा घेऊन बघते. आमच्या गावापासून औंधची हद्द किती, कृष्णेचा उतार कुठं, रेल्वेची स्टेशनं कुठली, एवढंच ठेवायचं. नावांची गर्दी नको.

२ फेब्रुवारी

आत्याकडं दुपारभर. रेकॉर्डर समोर ठेवला की ती शुद्ध बोलायला लागते, म्हणून मोबाइल उशीखाली सरकवला. तिला सांगूनच.

बेचाळीसला ती नऊ वर्षांची. १० सप्टेंबरला इस्लामपूरला मोर्चा निघाला तेव्हा आजोबा गावकऱ्यांबरोबर चालत गेले होते. आठवडाभर आधी, ३ तारखेला, तासगावच्या मोर्चानं मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढवून कचेरीवर तिरंगा लावला होता, त्यामुळं सगळ्यांना वाटलं इथंही तसंच होईल. आदल्या दिवशी वडूजला गोळीबार झाल्याची बातमी गावात पोचलीच नव्हती म्हणे. इस्लामपुरात गोळ्या सुटल्या, माणसं पडली. आजोबा रात्री परतले ते पटका हरवून. घरात कुणी काही विचारलं नाही. आजीनं पाय धुवायला गरम पाणी दिलं.

मोर्चे संपले आणि मग भूमिगतांचे दिवस सुरू झाले. आत्याच्या आठवणीत माणसांची नावं जवळपास नाहीत, कारण नावं सांगायचीच नाहीत असा दंडक. "कोण आलंय इचारायचं न्हाई. किती आल्यात तेवढं इचारायचं." तेवढ्यावर आजी पीठ काढायची.

तिचं काम भाकरी पोचवणं. शिप्तरात, म्हणजे बुरडी टोपलीत, भाकरी, वर खर्डा किंवा शेंगांच्या चटणीची पुरचुंडी, त्यावर फडकं, आणि फडक्यावर चार शेण्या. वस्तीवर औत चाललंय, गड्यांची न्याहारी नेतेय, असं वाटेत कुणी विचारलं तर सांगायचं. पण शिप्तर जड असायचं. दोन गड्यांची न्याहारी एवढी जड नसते, हे बघणाऱ्याला कळतं. म्हणून आजीनं तिला चालायला शिकवलं. मान ताठ, पण पाय सैल, मधेच गाणं म्हणायचं, थांबून बोरं वेचायची. नऊ वर्षांच्या पोरीला हे शिकवायचं, आणि वर रागवायचं नाही.

हे ऐकल्यावर फलक तीन ठरला. शिप्तर टेबलावर, त्यात पंधरा भाकरींच्या वजनाची माती. येणाऱ्यानं उचलून बघायचं.

५ फेब्रुवारी

जुनं शिप्तर मिळेना. प्लास्टिकच्या टोपल्यांनी सगळं संपवलंय. शेजारच्या गावातल्या बुरूड मामांना सांगितलं, ते करून देतो म्हणाले. मंडळाच्या हिशेबात 'इतर' खाली.

१६ फेब्रुवारी

आज हिशेब. हाच फलक सगळ्यात रटाळ होईल असं मंडळाला वाटतंय आणि मला तोच जीव की प्राण.

पंधरा माणसं आली असं धरू. रानात हिंडणारा गडी एका वेळी तीन भाकरी सहज खातो. पंचेचाळीस भाकरी. आजच्या एक किलो पिठात मध्यम आकाराच्या आठ-नऊ होतात, म्हणजे पाच-साडेपाच किलो पीठ. आत्या हसली. "त्या भाकरी न्हवं, ह्या बिस्किटं हायती." तिच्या हाताच्या मापानं किलोत सहा. मग साडेसात किलो.

हे पीठ गिरणीत न्यायचं नाही. नेहमीच्यापेक्षा जास्त दळण दिसलं की गिरणीवाल्यापासून चावडीपर्यंत बातमी जाते. जातंच. पण जात्याचा आवाज लपत नाही, मातीच्या भिंतीतून तर शेजाऱ्याच्या उशाशी येतो. पहाटे दळणं सगळ्या घरांत चालायचं, तेव्हा तो आवाज आवाजात मिसळायचा. अडचण होती ती रात्रीची. अवेळी जातं वाजलं तर घरात कुणी बाळंतीण आहे का, कुणी दगावलं का, अशी चौकशी व्हायची. तेव्हा आजीची रीत अशी की पहाटे रोजच्यापेक्षा तासभर आधी बसायचं, पण शेजारच्या दोन घरांतही तासभर आधी जाती सुरू व्हायची. त्या दोघींना कुणी सांगितलं होतं? आत्या म्हणते, सांगावं लागलं नाही. एकीचा नवरा तर चळवळीच्या विरोधात होता. ती दळत होती एवढं खरं.

भाकरी थापल्याचा आवाज राहिलाच. तो टाळायला पोळपाटावर ओल्या फडक्यावर थापायची, असं आत्याचं म्हणणं. घरी करून बघितलं, आवाज खरंच दबतो, पण भाकरी फडक्याला चिकटते आणि हलक्या हातानं सोडवावी लागते. त्याला वेळ जास्त. म्हणजे धूर जास्त.

आणि जोंधळा आणायचा कुठून? १९४३ हे महागाईचं आणि टंचाईचं वर्ष, युद्ध चालू, रॉकेलला रांगा, वर सरकारी लेव्हीत धान्य घालायचं. आमचा जोंधळा परड्यातल्या पेवात असायचा. ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी फलकावर छेद काढतेय. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, खाली पोट मोठं, बाजूंना कडब्याचं अस्तर, तोंडावर दगड आणि माती. वरून बघितलं तर नुसतं अंगण. उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे, आतली कोंडलेली हवा जीव घेते. झाकण काढून बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. तो विझला तर माणसानं उतरायचं नाही. त्यामुळं रात्री बारा वाजता पेव काही कामाचं नाही. लागणारं धान्य आधीच काढून माजघरातल्या बळदात, म्हणजे धान्याच्या कोठीत, ठेवायला लागायचं, म्हणजे पाहुणे येणार हे घराला आधी माहीत हवं. निरोप आणायचे धाकटे आजोबा. घरातला माणूस चळवळीत होता याचा घराला झालेला एकमेव व्यवहारी उपयोग.

धान्य परत मिळालं का? काही वेळा चळवळीनं पोती पाठवली, काही वेळा नाही. आजोबांनी मागितलं नाही.

२३ फेब्रुवारी

दंड.

१९४२ च्या वटहुकमानं सरकारला अख्ख्या गावावर सामुदायिक दंड बसवायचा अधिकार दिला. तारा तोडल्या, चावडी जाळली, रूळ उखडले, की आसपासच्या गावांवर रक्कम ठरायची आणि घरपट्टीसारखी वाटली जायची. कुणी केलं हे शोधायची गरज नाही. सरकारशी एकनिष्ठ ठरलेल्यांना वगळायची सोय त्यातच होती, आणि खरी मेख ती. एका आळीत एकाला दंड, शेजाऱ्याला माफी. माफी मिळालेल्याकडं लोक पुढची वीस वर्षं कसे बघतात हे गावात राहिलेल्यालाच कळेल.

आमच्याकडून दंड गेला तो आजीच्या पाटल्या मोडून. आत्याला पाटल्या आठवतात, रक्कम नाही. पावती ट्रंकेत नाही. जुने फेरफार बघायला अभिलेख कक्षात अर्ज टाकलाय, त्या साली घरावर कर्जाचा बोजा चढला असेल तर दिसेल.

८ मार्च

वाचनालयात महिला दिनाचा कार्यक्रम होता, त्यात फलक पाचचा मसुदा वाचून दाखवला.

हौसाताईंचं उदाहरण मुद्दाम घेतलं. नाना पाटील भूमिगत झाले आणि सरकारनं त्यांचं घर आणि जमीन जप्त केली. मागं उरल्या त्यांची आई आणि लेक हौसाताई. गावातलं कुणी कामाला बोलवायला धजेना, कारण बोलवलं तर आपल्यावर बालंट. मामानं बैलजोडी दिली, तिच्यावर गूळ-शेंगांची भाडी मारून त्यांनी दिवस काढले. हौसाताई तेव्हा विशीही न ओलांडलेल्या, आणि पुढं स्वतः चळवळीच्या धाडसी कामगिऱ्यांत होत्या. २०२१ पर्यंत त्या हयात होत्या, आमच्यापैकी काहींनी त्यांना ऐकलंय.

त्यांची नोंद झाली, बरं झालं. पण मग आमच्या आजीसारख्यांचं काय, असा प्रश्न मागच्या रांगेतून आला. मी पेन्शनचे नियम काढून ठेवले होते ते वाचले. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १५ ऑगस्ट १९७२ पासून. अट साधारण अशी: सहा महिने तुरुंगवास, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन. किंवा सहा महिन्यांहून जास्त भूमिगत, पण तेही फरारी जाहीर झालेलं हवं, डोक्यावर बक्षीस हवं, किंवा बजावता न आलेला स्थानबद्धतेचा हुकूम हवा. म्हणजे तुम्ही लढलात याचा दाखला इंग्रज सरकारच्या कागदावर पाहिजे. भूमिगताला चार वर्षं जेवू घातलं, याला त्यात खाना नाही. आणि जे घर पकडलंच गेलं नाही, ज्यानं काम चोख केलं, त्याचा कागद असणार कसा?

धाकट्या आजोबांनाही पेन्शन नव्हती. ते पकडले गेले नाहीत. "लई पळत हुतो" एवढंच सांगायचे.

१६ मार्च

भावकीच्या घरी गेले. मन घट्ट करून.

हकीकत अशी. आमचा आणि भावकीचा बांधावरून वाद, इस्लामपूरच्या कोर्टात वर्षानुवर्षं पडलेला. प्रतिसरकारनं न्यायमंडळं सुरू केली तेव्हा लोक अशी भांडणं घेऊन त्यांच्याकडं जायला लागले. वकील नाही, स्टॅम्प नाही, तारखा नाहीत. १९४४ च्या उन्हाळ्यात एका रात्री आमच्या देवळापुढं पंच बसले, दोन्ही बाजू ऐकल्या, पहाटे दोर घेऊन रानात गेले आणि बांध कायम केला. आमच्या बाजूनं. आमच्या घरात ही गोष्ट झटपट न्यायाचा नमुना म्हणून सांगतात, मीही लहानपणापासून तशीच ऐकलेली.

भावकीतले नाना, वय ऐंशीच्या आसपास, ओसरीवर बसले होते. चहा आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंच जेवले कुणाच्यात?"

आमच्यात. आणखी कुठं जेवणार? रात्रीचा स्वयंपाक नेहमी आमच्यातच.

त्यांच्या आजोबांनी निवाडा मान्य केला नव्हता. मग दोन पोरं येऊन सांगून गेली की ऐकलं नाही तर पायाला पत्री. काठ्यांनी तळपाय फोडून काढायचे, ही शिक्षा गावगुंडांना, दरोडेखोरांना, पोलिसांच्या खबऱ्यांना मिळायची, आणि ती कशी असते हे शेजारच्या गावात एकाला झालेलं बघून सगळ्यांना माहीत होतं. आजोबांनी मुकाट्यानं अंगठा दिला. नाना सांगतात त्यात चीड कमी, नोंद जास्त. चळवळीबद्दल त्यांना आदर आहे, नाना पाटलांचं नाव घेताना त्यांनी हात जोडले. दरोडे थांबले, दारूच्या भट्ट्या गेल्या, सावकार दबून वागायला लागले, थोड्या खर्चात गांधी पद्धतीनं लग्नं लागली, हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. त्यांच्या एका आत्याचं लग्न तसंच झालेलं, दोन हार आणि भाषण.

"पण बांध आमचाच हुता," म्हणाले.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, फलकावर घाल.

२१ मार्च

मंडळाची तातडीची बैठक, कारण फलक सहाचा मसुदा बाहेर फुटला. दोन बाजू, एकाच मापाचे दोन चौकोन: 'आमच्या घरातली गोष्ट', 'भावकीतली गोष्ट'. एक ज्येष्ठ सभासद संतापले. लोकांच्या न्यायालयाला बट्टा लागतो, विरोधकांना कोलीत मिळतं. त्यांची कळकळ खोटी नाही, त्यांचे वडील चळवळीत होते.

माझा मुद्दा एवढाच होता. प्रतिसरकारचं मोठेपण सांगायला आपण म्हणतो की त्यांनी शेकडो गावांत राज्य चालवलं. राज्य म्हटलं की कुणीतरी खटला हरतो, आणि हरलेल्याचंही घर असतं. इंग्रजांनी आमच्या घराला दंड केला तो फलक चार. त्याच घराला चळवळीनं बांध मिळवून दिला तो फलक सहा. पहिला लावायचा आणि दुसरा गाळायचा, हे मला जमणार नाही.

मतदान घेतलं नाही. ज्येष्ठांनी सुचवलं की 'खबऱ्यांना आणि गुंडांना शिक्षा' हे वाक्य वर यावं म्हणजे पत्रीचा मूळ हेतू आधी कळेल. मान्य केलं, ते खरंही आहे.

३० मार्च

पाडवा. आत्याला घेऊन वरच्या हॉलमध्ये गेलो, जिना चढायला तिघांनी धरलं. शिप्तर उचलून बघितलं आणि म्हणाली, हलकं आहे. माती वाढवली.

फलक सात, शेवट कसा करायचा, तो अजून अर्धवट. १९४६ ला मुंबईत खेरांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागं घेतली, नाना पाटील आणि बाकीचे उघडपणे लोकांत आले. आमच्या घरात त्या वर्षी काय झालं हे आत्याला विचारलं. म्हैस व्याली, म्हणाली. आणि धाकट्या आजोबांचं लग्न ठरलं, पण मुलीकडच्यांनी आधी विचारून घेतलं की आता पोलीस येणार नाहीत ना. तेच लिहिते.

अभिलेख कक्षातून उत्तर आलं. त्या सालाचं बाड जीर्ण, नक्कल देता येत नाही.

१२ एप्रिल

फलक टांगले. आठवा रिकामा ठेवलाय, बाजूला पेन आणि चिठ्ठ्या, इतर घरांनी आपापलं लिहावं म्हणून. संध्याकाळपर्यंत बऱ्याच चिठ्ठ्या आल्या. एकीत फक्त 'आमच्यात पण दळायच्या', खाली सही नाही. दुसऱ्या एका घरानं सामुदायिक दंडाची पावतीच आणून दिली, आमची नाही, त्यांची. शिक्का वाचता येतो. लॅमिनेट करू नका असं बजावून प्लास्टिकच्या पाकिटात घातली, फलक चारच्या खाली लावली.

भावकीतले नाना नातवाच्या गाडीवर आले. फलक सहापुढं उभे राहून दोन्ही चौकोन वाचले. मजकूर बरोबर आहे म्हणाले. मग नातवाला सांगून मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि मला म्हणाले की पोरं येऊन धमकी देऊन गेली ती ओळ फार बारीक छापलीय, म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही. जमिनींच्या एकत्रीकरणात तो बांध कधीच मोडला, तिथं आता तिसऱ्याचाच ऊस उभा आहे, हेही खाली लिहा म्हणाले.

दोन्ही दुरुस्त्या करून फलक सहा पुन्हा छापायला दिला. साडेआठशे रुपये, 'इतर' खाली. सोमवारी मिळेल.